छातीत दुखतं, असं तो म्हणाला होता

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सातपुडा विभागाच्या कार्यकर्त्याने केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मी धडगावकडच्या बालवाड्यांचा अहवाल द्यायचा, असं पत्रिकेवर छापलं आहे. अहवाल लिहून आणला आहे. मागच्या टेबलावर ठेवलाय, चहाच्या वेळी जरूर घ्या. मला जी वीस मिनिटं दिली आहेत ती मी दुसऱ्या गोष्टीसाठी वापरणार आहे, आणि त्यासाठी पाळकसाहेबांची परवानगी घेतली आहे.

आठ महिन्यांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला. तुम्ही प्रार्थना केल्यात, डबे पाठवलेत, रुग्णालयात रात्री बसायला तरुण संघाची मुलं पाळीपाळीने आली. त्याचे आभार कसे मानू? नाताळच्या उपासनेत मी याच ठिकाणी उभा राहून साक्ष दिली होती. ‘मी पूर्ण बरा झालो आहे, छातीत आता काहीही दुखत नाही,’ असं मी म्हणालो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या साक्षीतलं दुसरं वाक्य खोटं होतं. चार दिवस आधी नाताळचा तारा घेऊन भावाच्या घराचा जिना चढताना माझी छाती भरून आली होती, आणि ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या पत्नीलाही नाही. ती तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

आधी झटक्याचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरमध्ये एका पाड्यावर बैठक होती. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, त्यांची मुलं मागे कुठे ठेवायची याची बैठक. सकाळपासून नुसता चहा झाला होता. छातीच्या मधोमध जातं ठेवल्यासारखं वाटायला लागलं, घाम फुटला, जबडा दुखायला लागला. मी म्हटलं, पित्त असेल. पिशवीतली पित्ताची पुडी पाण्यात घालून प्यायलो. तासभर असाच गेला. शेवटी सहकाऱ्याने मला जीपमध्ये घातलं. तालुक्याच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने कार्डिओग्राम काढला, ॲस्पिरिन चावून खायला लावली आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं. मग घाट उतरून मोठ्या दवाखान्यात, आणि तिथून इकडे नाशिकला. अँजिओग्राफी झाली, एका नसेत स्टेंट बसला. पाचव्या दिवशी घरी. हा भाग तुम्हाला माहीत आहे, आणि असा भाग आता घरोघरी कोणाला ना कोणाला माहीत असतो.

घरी आल्यानंतरचं मात्र कोणी बोलत नाही. म्हणजे लोक फार बोलतात, पण भलतंच. लसूण खा, अर्जुनाची साल उकळून प्या, अमक्याच्या मेहुण्याला असंच झालं होतं आणि तो... इथे एखाद्याची पत्नी त्याला कोपराने ढोसते आणि तो गप्प होतो. एका बंधूंनी तर मला विचारलं की सेवा करणाऱ्या माणसाला हार्ट ॲटॅक कसा काय आला. मी म्हटलं, रक्तवाहिनीला पदवी दाखवता येत नाही. विनोद केला खरा, पण रात्री तो प्रश्न मलाही छळायचा.

घरी आल्यावर नवव्या रात्री मला जाग आली. डाव्या बाजूला, स्तनाच्या जरा खाली, सुई टोचल्यासारखी चमक. श्वास घेतला की चमक. कूस बदलली की चमक. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. मला वाटलं, झालं. स्टेंट बंद झाला. पत्नी शेजारच्या गादीवर झोपली होती, नऊ रात्रींत पहिल्यांदाच गाढ झोपली होती. तिला उठवावं असं मला वाटलं नाही. मी पहाटे साडेपाचपर्यंत प्रार्थना करत पडून राहिलो. त्या प्रार्थनेत विश्वास किती होता आणि संकोच किती होता, हे आज मी सांगू शकतो. संकोच जास्त होता.

सकाळी तिच्या लक्षात आलंच. ती मला ताबडतोब डॉक्टरांकडे घेऊन गेली. कार्डिओग्राम, रक्ताची तपासणी, सगळं ठीक. डॉक्टरांनी बोटाने बरगडी दाबली आणि मी ओरडलो. ते हसले. म्हणाले, ‘हे स्नायूंचं दुखणं आहे. आठवडाभर तुम्ही खांदे आखडून, छाती सांभाळून चालताय. आणि घाबरलेले आहात.’ मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मला अर्धा तास दिला. दवाखान्यातून सुटताना हेच सगळं मला सांगितलं होतं म्हणे. मला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. सुटीच्या दिवशी माणूस काही ऐकत नाही, त्याचं लक्ष गाडी आली का याकडे असतं.

त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण या सभागृहात निदान सहा-सात घरं अशी आहेत की जिथे याचा उपयोग आहे.

झटक्यानंतर छातीत दुखणं ही फार जणांची तक्रार असते आणि त्या दुखण्याच्या जाती वेगवेगळ्या असतात. स्टेंट बसवल्यावर पहिले एक-दोन दिवस नस ताणल्यामुळे थोडं दुखू शकतं. स्नायूंचं आणि बरगडीचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं, दाबल्यावर वाढतं, हललं की वाढतं. हृदयावरच्या आवरणाला सूज आली तर आडवं झाल्यावर आणि खोल श्वास घेतल्यावर दुखतं आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. हे झटक्यानंतर लगेच किंवा काही आठवड्यांनीही होऊ शकतं, तापही येतो, आणि त्यालाही डॉक्टर लागतोच. पित्ताची जळजळ जेवणानंतर, आडवं पडल्यावर वर येते. भीतीचं दुखणंही खरंच असतं, त्यात छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात. आणि मग हृदयाचं स्वतःचं दुखणं, ज्याला ते अंजायना म्हणतात. ते बहुधा टोचत नाही. ते आवळतं, जड होतं, दडपण आणतं. जिना, चढ, थंड वारा, भरल्या पोटी चालणं, रागावणं यांनी येतं आणि थांबलं की काही मिनिटांत उतरतं. कधी जबड्यात जातं, कधी खांद्यात, हातात, पाठीत. बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये तर छातीत फारसं न दुखता नुसता दम लागतो, घाम येतो, गळून गेल्यासारखं वाटतं. म्हणून भगिनींनो, तुम्ही ‘जरा थकले आहे’ म्हणून पुन्हा ओट्याशी उभ्या राहता, तेव्हा घरातल्यांनी ते वाक्य नीट ऐकलं पाहिजे.

आपल्या मराठीत यासाठी किती शब्द आहेत पाहा. चमक, कळ, जळजळ, टोचणं, आवळणं, भरून येणं. डॉक्टरांनी मला सांगितलं, ‘नुसतं दुखतं म्हणू नका, यातला शब्द निवडून सांगा. आणि हाताने दाखवा.’ इंग्लंडमधल्या विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरने 1772 साली या दुखण्याचं जे वर्णन छापलं त्यातही हेच होतं, की ते चालताना येतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि उभं राहिलं की जातं. त्याच्याकडे कार्डिओग्राम नव्हता. त्याने माणसांना विचारलं होतं. पुढे अमेरिकेतले सॅम्युअल लेव्हाइन यांच्या लक्षात आलं की असे रुग्ण दुखणं दाखवताना छातीवर घट्ट मूठ धरतात. आजही डॉक्टर मंडळी त्या खुणेला लेव्हाइन यांचं नाव देतात. मूठ धरली म्हणजे हृदयच, आणि बोट दाखवलं म्हणजे नक्की नाही, असं काही नाही. तेवढ्यावर कोणी निदान करू नये. पण मूठ दिसली की उठावं.

तर ही मूठ लक्षात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

जिभेखालच्या गोळीचंही सांगून टाकतो. सॉर्बिट्रेट म्हणून जी देतात ती. दुखायला लागलं की जिथे असाल तिथे थांबायचं आणि बसायचं. उभ्याने घ्यायची नाही, रक्तदाब उतरून माणूस पडतो. गोळी जिभेखाली धरायची, गिळायची नाही. डोकं दुखतं, ते चालतं. पाच मिनिटं घड्याळ लावून थांबायचं. पाच मिनिटांत उतरलं नाही किंवा वाढत चाललं तर लगेच 108 ला फोन करायचा. मदत येईपर्यंत पाच-पाच मिनिटांनी आणखी दोन घेता येतात, पण तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आधीच विचारून ठेवा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जायचं नाही. आणि गोळी देव्हाऱ्यासारखी कपाटात ठेवायची नाही, खिशात ठेवायची. माझी सुरुवातीला कपाटात असायची, किल्ली पत्नीकडे. आणखी एक, जे उपासनामंदिरात बोलायला अवघड आहे पण बोलतो. पुरुषांनी शक्तीसाठी म्हणून घ्यायच्या ज्या गोळ्या बाजारात मिळतात त्या आणि ही गोळी एकत्र आल्या तर जिवावर बेतू शकतं. तरुण संघाने हसू नये, हे म्हाताऱ्यांसाठी आहे.

एवढं सगळं मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आणि तरीही तारा घेऊन जिना चढताना छाती भरून आली, तेव्हा मी गप्प बसलो. मला ते अगदी स्पष्ट ओळखता आलं होतं. मधोमध, जड, जबड्याकडे जाणारं, थांबल्यावर उतरलेलं. डॉक्टरांच्या वर्णनातला एक शब्दही कमी नव्हता.

मग का नाही सांगितलं? त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पत्नीने मला धडगावला परत जाऊ दिलं नसतं, हे एक. खर्चाची भीती, हे दुसरं. योजनेतून पहिला स्टेंट बसला, दुसऱ्यांदा काय होईल कोण जाणे. पण खरं कारण तिसरं आहे. माझी साक्ष ठरलेली होती. तुम्ही माझ्यासाठी उपास केले होते. प्रार्थनेचं उत्तर मिळालं असं जाहीर झालं होतं. आता परत दुखतंय म्हटलं तर प्रार्थनाच परत केल्यासारखी होईल, असं मला वाटलं. मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेला माणूस, आणि मला हिज्कीया राजाची गोष्ट आठवू नये? देवाने बरं करण्याचं वचन दिलं, आणि त्याच यशयाने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारी पौलाने चक्क पत्रात लिहिल्या आहेत आणि उपायही लिहिला आहे. तीमथ्याला त्यात लाज वाटली असेल असं मला नाही वाटत. या गोष्टी मी शिकवल्या आहेत. स्वतःवर आली तेव्हा मी साक्षीचा कागद जपला.

जानेवारीत मी धडगावला परतलो. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं होतं, पाच मिनिटांपासून हळूहळू वाढवत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी झटक्यानंतर माणसाला महिना-दीड महिना गादीवरून हलू देत नसत. तेच लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा म्हणे मोठा विरोध झाला होता. आता चालणं हेच औषध आहे. पण सातपुड्यात सपाटी आणायची कुठून? माझं काम ज्या चौदा पाड्यांवर आहे त्यातले बरेचसे रस्ता संपल्यावर सुरू होतात.

एका सकाळी बालवाडीकडे चढत होतो. थंडी, वारा, पोटात नुकतीच खाल्लेली भाकरी. म्हणजे हेबर्डनने सांगितलेलं सगळं एकत्र. छाती भरून आली. मी झाडाला टेकलो आणि दृश्य पाहत असल्याचं नाटक केलं. माझ्यासोबत त्या पाड्याची आशाताई होती. पावरा समाजातली, सातवीपर्यंत शिकलेली, दोन मुलांची आई. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘दादा, तू मूठ का धरली?’

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात छातीवर होता आणि त्याची मूठ होती. मला पत्ताच नव्हता.

तिने मला दगडावर बसवलं. ‘गोळी कुठे?’ म्हणाली. गोळी खिशात होती, एवढं तरी मी सुधारलो होतो. तिने मोबाईलवर वेळ पाहिली. चार मिनिटांत उतरलं. मी उठायला लागलो तर तिने खांदा धरून परत बसवलं, आणि विचारलं, ‘आधी किती वेळा झालं?’ बंधुभगिनींनो, पत्नीशी खोटं बोललो होतो, तुमच्याशी बोललो होतो. तिच्याशी मला बोलता आलं नाही. पाच वेळा, मी म्हणालो. ती काही बोलली नाही. तिने खालच्या पाड्यावरून मोटरसायकल बोलावली आणि माझ्या पत्नीला फोन लावला. नेटवर्क त्या टेकडीच्या एकाच कोपऱ्यावर मिळतं, तिथे जाऊन लावला.

फेब्रुवारीत दुसरी अँजिओग्राफी झाली. दुसऱ्या एका नसेतला अडथळा पहिल्या वेळीच दिसला होता, तो आता जास्त होता. तिथेही स्टेंट बसला. डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, ‘पाचवी वेळ कोणाला दिसली नसती तर?’

आता मुठीची दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज उभा आहे.

सहा वर्षांपूर्वीची. नर्मदेच्या बाजूच्या उताराला एक पाडा आहे. तिथे पन्नाशीतला एक शेतकरी होता. नाव सांगत नाही, त्याची मुलं आपल्या कार्यक्रमांना येतात. ऊसतोडीला गुजरातेत गेला असताना त्याला झटका आला. तिथल्या मुकादमाने दवाखान्यात नेलं, उपचार झाले, घरी आणून सोडलं. मी बालवाडीच्या कामाने गेलो होतो, त्याने मला झोपडीत बोलावलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुजराती कागद होते आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. गोळ्या संपल्या होत्या. मी विचारलं, आता कसं आहे? तो म्हणाला, ‘छातीत दुखतं.’ लाकडाची मोळी घेऊन चढ चढताना येतं, बसलं की जातं. आणि त्याने हाताने दाखवलं.

तो हात मला आज जसा दिसतो तसा त्या दिवशी दिसला नाही. काळा, भेगा पडलेला, आणि मूठ बंद.

मी त्याला म्हणालो, ‘एवढं मोठं दुखणं झालंय, अंगात अशक्तपणा आहे, दुखणारच. थोडे दिवस जड काम करू नको.’ माझ्या पिशवीत ताकदीच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्याला फार बरं वाटलं. त्याने मला चहा पाजला, दूध नव्हतं म्हणून नुसता गुळाचा. मी उतरताना मनात म्हटलं, आज एक चांगली भेट झाली. त्या तिमाहीच्या अहवालात ‘घरभेटी’ या रकान्यात ती मोजली गेली आहे.

तीन आठवड्यांच्या आत तो गेला. रात्री त्रास झाला. लोकांनी बांबूच्या झोळीत घालून खाली रस्त्याकडे आणायला सुरुवात केली, अर्ध्या वाटेतून परत नेलं.

त्या रिकाम्या पाकिटांवर काय लिहिलं होतं ते मी तेव्हा वाचलंही नव्हतं. आज माझ्या स्वतःच्या गोळ्यांमुळे मला कळतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात, त्या झटक्यानंतर साधारण वर्षभर तरी एकही दिवस न चुकता घ्यायच्या असतात. डॉक्टरांना न विचारता सोडल्या तर परत गाठ होण्याचा धोका असतो, स्टेंट असेल तर फारच. बरं वाटतंय म्हणून सोडायच्या नाहीत, आणि संपल्या म्हणून तर नाहीच. त्याला हे कोणी त्याच्या भाषेत सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मला मराठीत वाचता येत होतं, विचारता येत होतं. त्याच्या कागदांवर गुजराती होतं पण पाकिटावर इंग्रजी होतं, ते मला वाचता येत होतं. त्याला मुठीसकट सगळं दाखवता आलं होतं. त्याच्या बाजूने काहीच राहिलं नव्हतं.

होळीच्या आधी, मार्चमध्ये, त्याची बायको मला भेटायला धडगावला आली. दुसऱ्या स्टेंटनंतर मी घरीच होतो. ओढणीत बांधून थोडे उडीद आणले होते. खाली भिंतीला टेकून बसली. तिकडे लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणायची रीत आहे. तिने विचारलं, ‘तुला छातीत दुखतं का?’

मी हो म्हणालो. आणि मग मी तिला सांगितलं. की तुझ्या माणसाने मला सांगितलं होतं. त्याला दुखतं म्हणून त्याने मला हाताने दाखवलं होतं, आणि मला कळलं नाही. त्याला तालुक्याला न्यायला पाहिजे होतं. मी प्रार्थना करून, चहा पिऊन आलो.

ती बराच वेळ बोलली नाही. माझी पत्नी दारात उभी होती. मग ती म्हणाली, ‘मला नव्हतं सांगितलं त्याने. घरात कोणाला नव्हतं सांगितलं.’

एवढंच. त्यात तिने मला दोष दिला की आणखी काही, मी ठरवू शकलेलो नाही. जाताना तिने उडीद कसे शिजवायचे ते माझ्या पत्नीला सांगितलं, माझ्यासाठी मीठ कमी.

एप्रिलपासून आम्ही एक वही ठेवली आहे. तुमच्यातल्या काहींनी विचारलं की नवा प्रकल्प आहे का. प्रकल्प वगैरे नाही, शंभर पानी वही आहे. चौदा पाड्यांवर ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा हृदयाचा आजार सांगितलेला आहे अशी अकरा नावं तिच्यात आहेत. गोळ्या कधी संपणार ती तारीख. त्या घरापासून नेटवर्क कुठल्या टेकडीवर मिळतं. जीप कोणाकडे आहे, आणि तो रात्री प्यायलेला असतो का, हेही लिहिलंय, कारण ते लिहावं लागतं. झोळी लागणार असेल तर खांदा द्यायला कोण कोण. भगताचंही नाव आहे. लोक आधी त्याच्याकडे जातात, तर मी त्याच्याकडेच गेलो आणि मूठ कशी दिसते ते दाखवलं. तो म्हणाला की त्याने ती पुष्कळ पाहिली आहे. आता दिवाळीच्या आधी, माणसं ऊसतोडीला उतरण्यापूर्वी, या अकरा जणांच्या पिशवीत हंगामभराच्या गोळ्या आणि मराठी-गुजराती दोन्हीत लिहिलेला एक कागद गेला पाहिजे, एवढं ठरलं आहे. वही आशाताईकडे असते, कारण माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि बरोबर आहे तिचं.

मागच्या गुरुवारी त्यातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, दुखतं, आणि बोट दाखवलं. एकच बोट, बरगडीवर. दाबलं तर ओरडला. मला माझी नववी रात्र आठवली. तरीही त्याला तालुक्याला नेलं, कार्डिओग्राम काढला. काही निघालं नाही, स्नायूच होता, नांगरणीचा. परत येताना तो माझ्यावर चिडला. पेरणीच्या दिवसांत त्याचा एक दिवस वाया गेला होता. त्याचं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी सांगशील ना, असं विचारलं तर म्हणाला, ‘तू परत नेशील.’ मी म्हटलं, हो, नेईन.

शेवटी एक खुलासा. आज पहिल्या दोन गीतांच्या वेळी मी आत नव्हतो आणि काही जणांनी ते पाहिलं. या सभागृहाच्या पायऱ्या चढताना मला जरा जड वाटलं. मी खालच्या बाकावर बसलो. दोन मिनिटांत उतरलं, गोळी लागली नाही. ते मी पत्नीला सांगितलं, आणि तिने तिथूनच डॉक्टरांना फोन केला. उद्या सकाळी साडेनऊला बोलावलं आहे. म्हणून आज जेवणाला थांबत नाही, भावाकडे लवकर जाऊन झोपणार आहे. खाली उतरताना कोणीतरी माझी पिशवी धरा.